बिल्ड टूलच्या दस्तऐवजांतील चिन्हांकन व मांडणीचे दोष : स्वरूप, कारणे आणि दुरुस्ती

सारांश :
संगणकीय आज्ञावलीची बांधणी करणाऱ्या साधनांना बिल्ड टूल म्हणतात. या साधनांच्या साहाय्यपुस्तिका ज्या चिन्हांकन-पद्धतींत लिहिल्या जातात, त्यांतील लहानसा दोषही वाचकापर्यंत चुकीची आज्ञा पोहोचवतो. प्रस्तुत लेखात अशा दोषांचे स्वरूप, त्यांची कारणे, मराठी मजकुराच्या संदर्भात उद्भवणारे विशेष प्रश्न आणि दुरुस्तीची पद्धत यांचे विवेचन केले आहे. अशा दोषांची दुरुस्ती हे केवळ शुद्धलेखन नसून पाठचिकित्सेच्या जवळ जाणारे बौद्धिक काम आहे, आणि वऱ्हाडातील महाविद्यालयांत ते प्रात्यक्षिकाचा भाग म्हणून करता येण्यासारखे आहे, अशी लेखाची मांडणी आहे.

बीजसंज्ञा : बिल्ड टूल, मार्कअप, मेकफाइल, मार्कडाउन, गेटटेक्स्ट, देवनागरी, दस्तऐवजीकरण.

प्रस्तावना :
१९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिम हे पाच जिल्हे येतात. या जिल्ह्यांतील संगणकशास्त्राच्या वर्गांत मराठी माध्यमातून शिकून आलेले विद्यार्थी मोठ्या प्रमाणात असतात. त्यांच्या हाती पडणारी साहाय्यपुस्तिका मात्र इंग्रजीत असते. पुस्तिकेत छापलेली आज्ञा जशीच्या तशी देऊनही संगणक ती नाकारतो, तेव्हा असा विद्यार्थी पुस्तिकेवर संशय घेत नाही. तो स्वतःच्या इंग्रजीवर आणि आकलनावर संशय घेतो. पुष्कळदा दोष त्याचा नसून पानाच्या मांडणीचा असतो. या विषयाचे शैक्षणिक महत्त्व येथेच आहे. दोष कोणाचा हे ठरवता येणे हा आत्मविश्वासाचा पाया आहे, आणि ते ठरवण्याची रीत शिकवता येते.

मांडणीच्या दोषाने अर्थ बदलतो, हे अन्य शाखांच्या अध्यापकांनाही अपरिचित नाही. सूक्ष्मजीवशास्त्राच्या तक्त्यात दहाचा पाचवा घात दाखवणारा वर चढवलेला आकडा खाली उतरला, की एक लाखाचे एकशे पाच होतात. कृषिपत्रिकेतील 'अर्धा' दाखवणारा अपूर्णांक अक्षरजुळणीत तुटला, की त्याचे बारा होतात. शब्द एकही चुकलेला नसतो. चुकते ती केवळ मांडणी. बिल्ड टूलच्या पुस्तिकेत नेमके हेच घडते.

बिल्ड टूल आणि त्याची पुस्तिका :
मोठी आज्ञावली शेकडो फाइलींची बनलेली असते. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे, कोणती बदलली आहे आणि म्हणून कोणती पुन्हा तयार करावयाची, हे ठरवून आवश्यक तेवढेच काम करणारे साधन म्हणजे बिल्ड टूल होय. १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी तयार केलेले 'मेक' हे या परंपरेतील आद्य आणि आजही वापरात असलेले साधन आहे. पुढे जावा भाषेसाठी 'अँट', 'मेव्हन' व 'ग्रेडल' ही, तर सी आणि सी-प्लस-प्लस या भाषांच्या प्रकल्पांसाठी 'सीमेक' हे साधन रूढ झाले.

या प्रत्येकाच्या पुस्तिकेची लेखनपद्धती वेगळी आहे. ग्नू मेकची पुस्तिका टेक्सइन्फोमध्ये, अँटची एचटीएमएलमध्ये लिहिलेली आहे. मेव्हन आपल्या संकेतपृष्ठांसाठी मार्कडाउनसह अनेक पद्धती स्वीकारते. सीमेकने २०१४ मधील ३.० या आवृत्तीपासून रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट ही पद्धती अंगीकारली, तर ग्रेडलची पुस्तिका डॉकबुकमधून अॅस्कीडॉकमध्ये नेण्यात आली. एका साधनाच्या पुस्तिकेत सवयीचे झालेले चिन्ह दुसऱ्या पुस्तिकेत भलत्याच अर्थाने वाचले जाते. दोषांचा मोठा भाग या स्थलांतरातून निर्माण होतो.

चिन्हांकन म्हणजे काय? :
मजकुरातील कोणता भाग शीर्षक, कोणता परिच्छेद आणि कोणता जसाच्या तसा टंकावयाचा आहे, हे यंत्राला कळावे म्हणून मजकुरातच घातलेल्या खुणांना चिन्हांकन किंवा मार्कअप म्हणतात. मराठी गद्याला विरामचिन्हांची शिस्त लावण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. विरामचिन्ह वाचकाला कोठे थांबावे ते सांगते. चिन्हांकन यंत्राला काय समजावे ते सांगते. फरक इतकाच की, स्वल्पविराम चुकला तरी जाणता वाचक संदर्भाने अर्थ लावतो. यंत्र तसे करीत नाही. ते एक तर अडते, किंवा न अडता चुकीचा अर्थ घेऊन पुढे जाते. दुसरा प्रकार अधिक घातक असतो, कारण तेथे दोषाची सूचनाच मिळत नाही.

प्रमाणित सर्वसाधारण चिन्हांकन-भाषा म्हणजे एसजीएमएल १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिचे सुटसुटीत रूप असलेली एक्सएमएल १९९८ मध्ये शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली. या भाषांची शिस्त कडक आहे. २००४ मध्ये जॉन ग्रुबर यांनी प्रसिद्ध केलेल्या मार्कडाउनने लेखकाची सोय पाहिली. परंतु तिच्या मूळ वर्णनात अनेक बाबी संदिग्ध राहिल्याने एकच मजकूर निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळा दिसू लागला. ही संदिग्धता दूर करण्यासाठी २०१४ मध्ये 'कॉमनमार्क' या नावाने नेमका नियमसंच मांडण्यात आला.

दोषांचे प्रकार :
अभ्यासाच्या सोयीसाठी या दोषांचे पुढीलप्रमाणे पाच वर्ग करता येतील.

(१) रिकाम्या जागेचे दोष : मेकफाइलमध्ये प्रत्येक कृतीची ओळ टॅबने सुरू झाली पाहिजे असा नियम आहे. हा नियम गैरसोयीचा आहे हे फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानात आले होते. परंतु तोवर दहा-बारा जण साधन वापरू लागले होते आणि त्यांची घडी विस्कटू नये म्हणून त्यांनी तो बदलला नाही. आज जगभरचे विद्यार्थी त्या निर्णयाचे ओझे वाहत आहेत. संकेतपृष्ठ अथवा पीडीएफ तयार होताना टॅबच्या जागी साध्या रिकाम्या जागा येतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते. मेक मात्र विभाजक नसल्याची तक्रार करून थांबते. ग्नू मेक अशा वेळी 'आठ रिकाम्या जागांऐवजी टॅब म्हणावयाचे होते काय' असेही विचारते, यावरून हा दोष किती सार्वत्रिक आहे ते कळते. याउलट, आजच्या अनेक प्रकल्पांत वापरल्या जाणाऱ्या यॅमल या पद्धतीत ओळ आत सरकवण्यासाठी टॅब निषिद्ध आहे. म्हणजे एकाच प्रकल्पातील एका फाइलीत टॅब अनिवार्य, तर दुसरीत वर्ज्य! पुस्तिकेने हा भेद स्पष्ट दाखवला नाही, तर नवख्याने तो ओळखावा कसा?

(२) चिन्हबदलाचे दोष : शब्दप्रक्रियक सरळ अवतरणचिन्हाचे आपोआप वक्र अवतरणचिन्ह करतो, आणि दोन लघुरेषांची एक दीर्घ रेषा करतो. छापील गद्यात हे शोभते. आज्ञेत मात्र ते वेगळे अक्षर ठरते. हा दोष केवळ शब्दप्रक्रियकाचा नाही. सीमेकची पुस्तिका ज्या स्फिंक्स या साधनाने तयार होते, त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांत 'सुबक अवतरणे' ही सोय मुळातच चालू असते. त्यामुळे आज्ञेचा पर्याय शब्दशः मजकूर म्हणून चिन्हांकित केला नाही, तर त्याच्या आरंभीच्या दोन लघुरेषा जोडल्या जातात. तो पर्याय उचलून टंकलेखनपटलावर डकवला की नाकारला जातो.

(३) सुटकेच्या खुणा विसरण्याचे दोष : एचटीएमएलमध्ये कोनकंस हे चिन्हांकनाचे चिन्ह आहे. मेव्हनच्या संरचना-फाइलीतही कोनकंसच असतात. अशा फाइलीचे उदाहरण पानावर देताना आरंभीचा कोनकंस 'हे चिन्ह नसून मजकूर आहे' अशा सांकेतिक रूपात लिहावा लागतो. तसे न केल्यास ब्राउझर त्याला अनोळखी खूण समजून लपवतो आणि वाचकाला केवळ आतली मूल्ये ओळीने दिसतात. अशीच गत अधोरेषांची होते. सी भाषेतील चालू फाइलीचे नाव सांगणाऱ्या मॅक्रोच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अधोरेषा असतात. मार्कडाउनमध्ये ते नाव साध्या मजकुरात लिहिले, तर अधोरेषा नाहीशा होऊन मधला शब्द ठळक होतो. जेकिल या साधनाने तयार होणाऱ्या पानांत दुहेरी महिरपी कंसातील मजकूर साच्याची आज्ञा समजून गिळला जातो आणि त्या जागी पोकळी उरते.

(४) समरूप चिन्हांचे भिन्न अर्थ : मार्कडाउनमध्ये एकेरी उलट्या स्वल्पविरामात ठेवलेला मजकूर आज्ञा म्हणून दिसतो. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये त्यासाठी असे दोन स्वल्पविराम लागतात. एकेरी चिन्हाने तो मजकूर सामान्यतः तिरप्या अक्षरांत दिसतो आणि वर सांगितलेल्या सुबकीकरणाच्या तावडीत सापडतो. मार्कडाउनची सवय असलेला लेखक सीमेकच्या पुस्तिकेत भर घालतो, तेव्हा हा दोष हमखास शिरतो.

(५) रचनेचे दोष : आज्ञेच्या चौकटीची समाप्ती-खूण राहिली तर उर्वरित संपूर्ण पान आज्ञा बनते. क्रमांकित कृतींच्या मध्ये दिलेली आज्ञा योग्य तितकी आत सरकवली नाही, तर यादी तुटते. त्या लहानशा चुकीने तिसरी पायरी वाचकाला पुन्हा 'पहिली' म्हणून दिसू शकते. तुटलेले दुवे आणि चुकीच्या पातळीची शीर्षके यांचाही समावेश याच वर्गात होतो.

दस्तऐवजातील दोष बांधणीच थांबवतो, असेही घडते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जावा ८ पासून जावाडॉक हे साधन टिप्पण्यांतील एचटीएमएलची कसून तपासणी करू लागले. तोवर चालून गेलेले उघडे कोनकंस आणि स्वतःच मिटणाऱ्या खुणा दोष ठरू लागल्या. आज्ञावलीत एकही चूक नसताना केवळ टिप्पणीच्या मांडणीमुळे अनेक प्रकल्पांची बांधणी अडली. काहींनी टिप्पण्या सुधारल्या. काहींनी तपासणीच बंद केली. दुसरा मार्ग सोपा खरा. पण दोष तसाच राहिला आणि त्याची सूचना मिळणेही थांबले.

मराठी मजकुराचे विशेष प्रश्न :
आतापर्यंतचे दोष कोणत्याही भाषेत संभवतात. मराठीच्या बाबतीत आणखी तीन प्रश्न उभे राहतात.

पहिला प्रश्न वाक्यरचनेचा. मुक्त आज्ञावलींचे मराठीकरण बहुधा गेटटेक्स्ट पद्धतीने होते. मूळ इंग्रजी वाक्य आणि त्याखाली मराठी वाक्य, अशी जोड्यांची फाइल असते. वाक्यात संख्या किंवा नाव ऐनवेळी भरण्यासाठी टक्केचिन्हाने सुरू होणाऱ्या जागा राखलेल्या असतात. इंग्रजीत 'इतक्या फाइली अमुक ठिकाणी' असा क्रम असतो. मराठीत स्वाभाविक क्रम 'अमुक ठिकाणी इतक्या फाइली' असा आहे. अनुवादकाने उत्तम मराठी लिहिण्यासाठी राखीव जागांची अदलाबदल केली, की आज्ञावली संख्येच्या जागी नाव आणि नावाच्या जागी संख्या वाचू पाहते. सी भाषेत यामुळे आज्ञावली कोसळू शकते. म्हणून तपासणीचा पर्याय दिला असता गेटटेक्स्टचे संकलन-साधन अशी फाइल नाकारते आणि बांधणी थांबते. उपाय म्हणून इंग्रजी क्रम स्वीकारून मराठी वाकडी करण्याचे कारण नाही. राखीव जागेत तिचा मूळ क्रमांक व डॉलरचिन्ह लिहिण्याची तरतूद गेटटेक्स्टमध्ये आहे. ही तरतूद माहीत नसल्यास अनुवादक निमूटपणे इंग्रजी वळणाचे वाक्य लिहून मोकळा होतो.

दुसरा प्रश्न अक्षरगणनेचा. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये शीर्षकाखाली चिन्हांची ओळ काढतात आणि ती किमान शीर्षकाइतकी लांब असावी लागते. 'मराठी' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये मात्र तीन व्यंजने आणि दोन मात्रा अशी पाच चिन्हे होतात. तीनच चिन्हांची ओळ काढली तर ती शीर्षकाची रेघ न समजता साधा मजकूर समजला जाते. शीर्षकाखालची ओळ सढळ हाताने लांब ठेवावी, हा यावरील साधा उपाय होय.

तिसरा प्रश्न जुन्या टंकांचा. वऱ्हाडातील प्रात्यक्षिक-पुस्तिका आणि नियतकालिके यांची अक्षरजुळणी दीर्घकाळ कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या टंकांत होत आली आहे. कृतिदेवसारख्या टंकात साठवलेली अक्षरे रोमनच असतात. केवळ त्यांचे दर्शनी रूप देवनागरी असते. परिणामी मराठी परिच्छेदातील इंग्रजी आज्ञेला चुकून तोच टंक लागला, तर ती निरर्थक देवनागरीत दिसते. पुढे संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करताना तर ती आज्ञा कायमचीच नष्ट होते, कारण रूपांतरकाला मराठी कोणती आणि आज्ञा कोणती हे कळत नाही. आज्ञा ही आज्ञा म्हणून चिन्हांकित असती, तर हा अनर्थ टळला असता. तांत्रिक साहित्याच्या यांत्रिक अनुवादातही हाच धोका आहे: ज्या शब्दाला 'अनुवाद करू नये' अशी खूण नाही, त्याचा अनुवाद होण्याचा संभव असतोच.

दुरुस्तीची पद्धत :
अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरशी निगडित असलेल्या 'लीळाचरित्रा'ची वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली आवृत्ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. जुन्या ग्रंथाचा संपादक अडलेला शब्द स्वतःच्या तर्काने बदलत नाही. तो अन्य पोथ्या पाहतो, लेखकाचा शब्द आणि लेखनिकाचा प्रमाद यांत भेद करतो, आणि पाठ निश्चित करतो. पुस्तिकेच्या दुरुस्तीलाही हीच वृत्ती लागते. तिच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे सांगता येतील.

प्रथम, दोष कोठे उत्पन्न झाला ते ठरवावे. मूळ फाइल बरोबर असून रूपांतरात दोष आला, की मूळ फाइलीतच दोष आहे? पानावर जे दिसते ते आणि मूळ फाइलीत जे लिहिले आहे ते, दोन्ही शेजारी ठेवल्याखेरीज हे कळत नाही. दुसरे, पुस्तिकेची आवृत्ती आणि प्रयोगशाळेतील साधनाची आवृत्ती एकच आहे याची खात्री करावी. अन्यथा जुन्या पुस्तिकेतील बरोबर वाक्य दोष म्हणून 'सुधारले' जाण्याची भीती असते. तिसरे, आवृत्ती-नियंत्रणातील इतिहास पाहावा. एखादे विचित्र चिन्ह कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने घातले याची नोंद तेथे बहुधा मिळते. विचित्र दिसणारे प्रत्येक चिन्ह चुकीचे नसते. चौथे, आज्ञा रिकाम्या निर्देशिकेत प्रत्यक्ष चालवून पाहावी. पाचवे, किमान बदल करावा. एका दोषाच्या निमित्ताने संपूर्ण पानाची मांडणी बदलली, तर तपासणाऱ्याला खरा बदल शोधता येत नाही. शेवटी, पुस्तिका पुन्हा बांधून तयार पान डोळ्यांनी वाचावे.

यंत्राचे साहाय्य अर्थातच घ्यावे. एक्सएमएलची सुघटितता एक्सएमएल-लिंट तपासते. स्फिंक्समध्ये प्रत्येक इशारा दोष मानून बांधणी थांबवण्याची आणि दुवे तपासण्याची सोय आहे. ग्रेडलच्या पुस्तिकेतील बरीच उदाहरणे स्वतंत्र फाइलींत ठेवून, त्यांची चाचणी घेऊन मगच पानात अंतर्भूत केली जातात; दोष टाळण्याचा हा सर्वांत भरवशाचा मार्ग होय. तथापि, चौकटीबाहेर राहिलेली आज्ञा किंवा जोडल्या गेलेल्या लघुरेषा व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्याने यंत्राच्या नजरेतून सुटतात. तेथे वाचकच लागतो.

महाविद्यालयीन अध्यापनातील स्थान :
नवख्या वाचकाला जो दोष अडवतो, तो तज्ज्ञाच्या ध्यानातच येत नाही. कारण तज्ज्ञ पुस्तिका वाचत नाही, ती आठवतो. म्हणून दोष शोधण्यास द्वितीय वर्षाचा विद्यार्थी सर्वाधिक योग्य असतो. प्रात्यक्षिकाच्या दोन-तीन तासिकांत एका साधनाच्या पुस्तिकेचे एक प्रकरण घ्यावे, प्रत्येक आज्ञा छापल्याप्रमाणे चालवावी, अपयशाची नोंद करावी, दोषाचा वर्ग ठरवावा आणि मूळ प्रकल्पाकडे दुरुस्ती पाठवावी. केवळ आपल्या प्रतीत पेनाने दुरुस्ती करणारा विद्यार्थी स्वतःपुरता सुटतो. मूळ ठिकाणी केलेली दुरुस्ती पुढच्या सर्वांना सोडवते. मराठीकरणाच्या कामात मराठी विभागाचे अध्यापक सहभागी झाल्यास वाक्यरचनेचा प्रश्नही जाणकारीने हाताळला जाईल.

येथे एक इशारा आवश्यक आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात सदरा मिळवण्याच्या लोभाने असंख्य निरर्थक बदल मुक्त प्रकल्पांकडे पाठवले गेले: कोठे एखादे विशेषण वाढवले, कोठे शीर्षक सजवले. प्रकल्पांचे कार्यकर्ते इतके त्रस्त झाले की, आयोजकांना त्याच महिन्याच्या आरंभी नियम बदलून, प्रकल्पाने संमती दिली असेल तरच बदल मोजला जाईल, असे जाहीर करावे लागले. म्हणून गुण देताना बदलांची संख्या मोजू नये. दोषाने कोणता वाचक, कोठे आणि का अडत होता, याचे अर्ध्या पानाचे लेखी स्पष्टीकरण मागावे. हे स्पष्टीकरण ज्याला लिहिता येत नाही, त्याची दुरुस्ती बहुधा अनावश्यक असते.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. (१) बिल्ड टूलच्या पुस्तिकेतील चिन्हांकनाचा दोष हा दिसण्याचा नसून अर्थाचा दोष असतो. (२) अशा दोषांचा उगम बहुतांशी एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत होणाऱ्या स्थलांतरात, स्वयंचलित सुबकीकरणात आणि रूपांतरात असतो. (३) मराठी मजकुरात वाक्यरचना, अक्षरगणना आणि जुने टंक यांमुळे स्वतंत्र प्रश्न निर्माण होतात. त्यांवरील उपाय उपलब्ध आहेत, मात्र ते अध्यापनात आले पाहिजेत. (४) दुरुस्तीचे काम मूळ पाठ, आवृत्ती, इतिहास आणि प्रत्यक्ष पडताळा या चतुःसूत्रीने करावे.

छापलेली आज्ञा चालली नाही तर आधी आज्ञा तपासावी, मग स्वतःला दोष द्यावा, एवढा विवेक जरी या अभ्यासातून विद्यार्थ्याच्या अंगी बाणला, तरी वर्गातील या तासिका सार्थकी लागल्या असे म्हणता येईल.